खुराड्यात एक्केचाळीस

कोंबडीला घाम येत नाही, हे चोवीससाहेबांना पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही फोनवर, जनावरांच्या एका वैतागलेल्या डॉक्टरकडून. तोपर्यंत त्यांनी कोंबडीच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवायचा प्रयत्न करून झाला होता. कोंबडीला कपाळ नसतं, हेही त्यांना त्याच दुपारी कळलं. एका दुपारी माणसाने किती शिकावं याला काही मर्यादा आहे की नाही?

चोवीससाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत वातानुकूलनाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि सगळ्या मजल्यांवर कायम चोवीस अंश तापमान ठेवायचं, हे त्यांनी आयुष्याचं ध्येय मानलं होतं. हिशेब खात्यातल्या बाया शाली पांघरून बसत, विक्री खात्यातले लोक शर्टाचं वरचं बटण उघडून बसत, आणि दोन्हीकडून तक्रार आली की साहेब शांतपणे सांगत, "चोवीस आहे. सेन्सर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी क्रांती म्हणजे त्यांनी छताला लावलेले सेन्सर खाली आणून टेबलांपाशी बसवले. हवा छताला लागून काय उपयोग? तापमान मोजायचं ते माणूस बूड टेकतो तिथे, हे त्यांचं तत्त्व होतं. या तत्त्वावर त्यांनी एकदा कंपनीच्या मेळाव्यात भाषणही केलं होतं. श्रोत्यांपैकी बरेच जण जागे होते, असं ते स्वतः सांगत.

तर अशा माणसाच्या घरी तीन कोंबड्या आल्या. कोंबड्या सासूबाईंच्या होत्या. थोरली, मधली आणि धाकटी अशी त्यांची नावं, आणि सासूबाई त्यांच्याबद्दल बोलायला लागल्या की नवख्या माणसाला वाटे, या बाईंना तीन मुली असाव्यात आणि तिघींचीही लग्नं चांगल्या घरी झालेली नसावीत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे एकटं राहायचं नाही. बरं वाटेपर्यंत त्या मुलाकडे होत्या. पण त्याचं घर पार वरच्या मजल्यावर, तिथे कोंबड्या ठेवायच्या कुठे? चोवीससाहेबांचं घर मात्र तळमजल्यावर होतं आणि मागे एक छोटंसं अंगण होतं, त्यात लिंबाचं झाड होतं.

"आई, तू आमच्याकडेच ये ना कायमची," साहेबांच्या बायकोने फोनवर कितव्यांदा तरी म्हटलं होतं.

"आधी माझ्या कोंबड्या महिनाभर तुमच्याकडे ठेवून बघा," सासूबाई म्हणाल्या. "मग माझं बघू."

बायकोने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण तिने नवऱ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. "अहो, हे एवढं नीट होऊ दे," ती म्हणाली. "आई परत त्या घरात एकटी गेली ना, तर मला घास गोड लागणार नाही. तुम्ही फक्त काही करू नका."

शेवटचं वाक्य साहेबांना लागलं. फक्त काही करू नका! इमारतीच्या सगळ्या मजल्यांची हवा ज्याच्या बोटांवर नाचते, त्याला तीन कोंबड्या सांभाळता येणार नाहीत? शिवाय सासूबाईंनी आजवर जावयाबद्दल एकही बरा शब्द उच्चारला नव्हता. वाईट शब्दही उच्चारला नव्हता, हे खरं, पण त्यात जावयाला काय समाधान? आता दाखवून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. घरातल्या बऱ्याच अपघातांची सुरुवात याच तीन शब्दांनी होते.

सासूबाईंच्या सूचना अगदी थोड्या होत्या. पाणी ठेवा, सावली ठेवा, अंग घोळायला कोरडी माती ठेवा, आणि त्यांच्या फार नादी लागू नका. पहिले काही दिवस सगळं ठीक चाललं. मग उन्हाचा कडाका वाढला. एका रविवारी दुपारी साहेब अंगणात गेले तर तिन्ही कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. गळे भराभर हलत होते. पंख अंगापासून दूर धरलेले, जणू शिंप्याकडे माप द्यायला उभ्या आहेत. तुरे लालभडक झालेले.

"अगं, यांना दम्याचा झटका आलाय!" साहेब ओरडले.

"ऊन झालं की त्या तसं करतात, आईने सांगितलंय," बायको आतून म्हणाली.

एवढ्यात वरच्या गॅलरीतून नर्सबाई डोकावल्या. या निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त हॉस्पिटलपुरतं. इमारतीत कुणी शिंकलं तरी त्यांची पावलं जिन्यावर वाजत. अंगण नेमकं त्यांच्या गॅलरीखाली, त्यामुळे कोंबड्या आल्यापासून त्यांचा दिवस कसा मजेत जाई.

"ताप बघा आधी!" नर्सबाईंनी वरून हुकूम सोडला. "काखेत लावा!"

कोंबडीची काख शोधण्यात थोडा वेळ गेला. शेवटी साहेबांनी धाकटीला मांडीत दाबून तिच्या पंखाखाली घरातला थर्मामीटर धरला. तो वाजला. आकडा पाहून साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. एकशे सहाच्या वर!

"एकशे सहा!" नर्सबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "मेंदूवर जाईल हो! पट्ट्या ठेवा, पट्ट्या!"

पट्ट्यांचं काय झालं ते वर आलंच आहे. धाकटीने पट्टी ओढून नेली आणि लिंबाखाली जाऊन तिच्यावर यथेच्छ माती उडवली. तेव्हा साहेबांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर जेवत होते.

"एकशे सहा? छान आहे," डॉक्टर म्हणाले.

"अहो डॉक्टर, एकशे सहा ताप आहे!"

"ताप नाही, कोंबडीचं अंग तेवढंच गरम असतं. ती काही माणूस नाही. तिला घाम येत नाही, म्हणून तोंड उघडून धापा टाकते, पंख पसरते, तुऱ्यातून आतली गरमी बाहेर घालवते. गार झालं की पिसं फुगवते. तिचं ती बघते. खुराडं तापू देऊ नका म्हणजे झालं. ठेवू?"

एवढ्या सगळ्या भाषणातून साहेबांनी नेमकं काय उचललं, तर खुराडं तापू देऊ नका. बाकीचं त्यांच्या एका कानातून गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं. हा काही त्यांचा एकट्याचा दोष नाही. डॉक्टरांचं बोलणं आपण सगळेच असं वेचून घेतो. गोड बंद करा म्हटलेलं विसरतो आणि रोज फिरा म्हटलेलं दुसऱ्याला सांगतो.

"मी खुराड्याला एसी बसवणार," त्यांनी संध्याकाळी चहा पिता पिता जाहीर केलं.

बायकोने कप खाली ठेवला. "अहो, आपल्या स्वतःच्या झोपायच्या खोलीला एसी नाही."

"आपल्याला घाम येतो," साहेब म्हणाले.

यंत्राचा प्रश्न नव्हता. कचेरीच्या भंगारात खिडकीत बसवायचे जुने एसी पडले होते, त्यातला एक उचलायची परवानगी त्यांना सहज मिळाली. प्रश्न आला तो राहत्या इमारतीच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. जिन्यात चपला काढल्या तर कोणत्या कलमाखाली काढल्या, हे ते पाठ म्हणून दाखवत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं की इमारतीच्या नियमांप्रमाणे एसी फक्त राहत्या खोलीला लावता येतो.

"कोंबड्या राहतात ना तिथे," साहेब म्हणाले.

"राहतात, पण रहिवासी नाहीत."

"मग त्या कोण आहेत?"

अध्यक्ष विचारात पडले. हा पेच त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आला होता. त्यासाठी त्यांनी समितीची खास बैठक बोलावली. बैठकीत एकाने विचारलं की कोंबड्या अंडी देतात, म्हणजे हा उद्योगधंदा धरायचा का? दुसऱ्याने विचारलं की पाहुणे किती दिवस राहिले म्हणजे पाहुणे राहत नाहीत? नर्सबाई समितीवर नव्हत्या, पण बैठकीला होत्या. त्या म्हणाल्या, पेशंटला एसी लागतो, यात चर्चा कसली करता? शेवटी कोंबड्यांना 'सासूबाईंच्या वतीने मुक्कामी' असं मानायचं ठरलं. बैठक संपताना साहेबांनी सगळ्यांना ताजी अंडी वाटली, त्याचा आणि ठराव बिनविरोध मंजूर होण्याचा काही संबंध नव्हता. अध्यक्षांनी आपली अंडी वर्तमानपत्रात झाकून नेली, एवढंच.

मग वायरमन आला. तो बराच वेळ खुराड्याकडे, मग एसीकडे, मग साहेबांकडे बघत राहिला. "साहेब, हा एसी खुराड्याहून मोठा आहे," तो म्हणाला. साहेबांनी त्याला वातानुकूलनाची मूलतत्त्वं समजावून सांगितली. वायरमनने मान डोलावली आणि विटांचा ओटा करून त्यावर एसी ठेवला. खुराड्याच्या जाळीला सगळीकडून प्लायवूड ठोकलं, आत बघायला एक काच बसवली, आणि दार घट्ट लागेल असं केलं. गार हवा बाहेर जाऊन चालणार नव्हतं, म्हणून अंगणातलं हिंडणं बंद. मातीची परातही बाहेर गेली, कारण धूळ यंत्रात जाते.

राहिला सेन्सर. तो साहेबांनी स्वतःच्या हाताने बसवला. पांढरा, गुळगुळीत, अंड्याएवढा प्लॅस्टिकचा गोळा, त्यातून निघणारी वायर थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या आकड्यांच्या पाटीपर्यंत. सेन्सर कुठे लावायचा, याबद्दल त्यांच्या मनात क्षणभरही शंका नव्हती. बूड टेकतात तिथे! कोपऱ्यातल्या गवतात, जिथे कोंबड्या अंडी घालायला बसत, तिथे त्यांनी तो अलगद खोचला. यंत्र सुरू झालं. पाटीवरचा आकडा हळूहळू उतरत चोवीसवर येऊन थांबला. साहेबांनी बायकोला हाक मारून तो दाखवला. तिने "बरं" म्हटलं, पण चांगल्या आवाजात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीतून आले तर पाटीवर एक्केचाळीस.

त्यांनी डोळे चोळले, पाटीवर टिचकी मारली. एक्केचाळीस! चोवीसचा एक्केचाळीस झाला, म्हणजे या उन्हापुढे यंत्र हरलं. त्यांनी यंत्र पूर्ण जोरावर टाकलं. आकडा ढिम्म हलेना. सुट्टी काढून त्यांनी खुराड्यावर थर्मोकोल चिकटवला. तरी एक्केचाळीस. थर्मोकोलवर जुनी गादी बांधली. गादीवर ऊन परतवायला चकचकीत पत्रा ठोकला. आता ते खुराडं कुठल्या तरी ग्रहावरून आल्यासारखं दिसायला लागलं होतं, आणि आकडा होता तिथेच. शेवटी त्यांनी भंगारातला त्याहून मोठा एसी आणवला. तो चालू झाला की स्वयंपाकघरातला दिवा एकदा मान टाकी आणि मग सावरे.

"सकाळी तुम्ही कामावर गेलात ना, की थोडा वेळ यंत्र आपोआप बंद पडतं," बायको म्हणाली. "आणि अंडी काढायला हात घातला तर बोटं बधिर होतात हो."

"गरम हातांना गार वाटणारच," साहेब म्हणाले. "आपलं कातडं हे फार बेभरवशाचं यंत्र आहे. सेन्सर काय म्हणतो ते बघायचं."

"आणि धाकटी सकाळी दाणे टिपायला उठते तेवढीच, एरवी कोपऱ्यातून हलत नाही. हात लावला तर फुगून अंगावर येते."

"तिला तिथे आवडतंय," साहेब समाधानाने म्हणाले. सेन्सरची जागा चुकली नव्हती याचा हा पुरावाच होता.

आता इथे एक गोष्ट साहेबांच्या बाजूने सांगायला हवी. कोंबडीचं अंग एकशे सहा असतं, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. पण आपल्या घरात ताप फॅरेनहाइटमध्ये येतो आणि एसी सेल्सिअसमध्ये चालतो. ही दोन मापं एकाच घरात वर्षानुवर्षं नांदतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. एकशे सहा म्हटलं की साहेबांना हॉस्पिटल आठवे, आणि एक्केचाळीस म्हटलं की कचेरीची गच्ची. हे दोन्ही आकडे म्हणजे एकच कोंबडी आहे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

त्यातच हवा पालटली. आभाळ भरून आलं, गार वारा सुटला. लोकांनी पंखे बंद केले, नर्सबाई स्वेटर घालून गॅलरीत बसू लागल्या. पाटीवर एक्केचाळीस. साहेबांनी आता नवा सिद्धान्त मांडला. बाहेरून गरमी येत नसेल तर ती आतूनच येत असणार, म्हणजे कोंबड्याच गरमी सोडताहेत. तीन कोंबड्या म्हणजे तीन शेगड्या! बायकोने हात जोडले आणि ती भाजी चिरायला निघून गेली. गंमत म्हणजे, आजवरच्या त्यांच्या सगळ्या सिद्धान्तांत हाच खऱ्याच्या सर्वांत जवळ होता.

"अहो, तुमच्या खुराड्याला घाम फुटलाय!" नर्सबाई एका सकाळी ओरडल्या. खरंच, खुराड्याच्या काचेवरून बाहेरच्या बाजूने पाण्याच्या धारा लागल्या होत्या. साहेबांनी फडक्याने काच पुसून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कोंबड्या आकाराने दुप्पट झाल्या होत्या! थोरली आणि मधली गोल गरगरीत होऊन धाकटीला दोन्हीकडून चिकटून बसल्या होत्या. थोरलीने मान पिसांत घातली होती. मधली मधूनच उठून एका पायावर उभी राहत होती, तर तीही कशी डौलात! त्यांनी लगेच फोटो काढून मेहुण्याच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "आईंना दाखवा. तिघींनीही बाळसं धरलंय."

सासूबाईंनी फोटो पाहिला. मेहुण्याने मागाहून सांगितलं, की त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि मग एवढंच विचारलं, "जावई बर्फाच्या कारखान्यात कधीपासून कामाला लागले?" आणि त्यांनी काठी मागितली.

इकडे त्याच सकाळी मोठ्या एसीने इमारतीचा फ्यूज उडवला. अध्यक्ष तेव्हा लिफ्टमध्ये होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली, आणि ज्या माणसाने लिफ्टच्या वापराचे नियम स्वतः लिहिले होते, त्याला लिफ्टच्या फटीतून वायरमनच्या चपलांशी बोलावं लागलं. वीज आली, अध्यक्ष बाहेर पडले आणि तडक अंगणात आले. त्यांचा चेहरा थोरलीच्या तुऱ्याएवढा लाल झाला होता.

"ठराव रद्द!" ते गरजले. "मुक्कामी काय, अन् पेशंट काय! आत्ताच्या आत्ता हे बंद करा."

"खुराड्यात एक्केचाळीस आहे, अध्यक्ष!" साहेबही तापले. "मरतील त्या! तुम्ही एक्केचाळीसमध्ये बसून दाखवा!"

"मी आत्ता लिफ्टमध्ये तेच करून आलोय!"

भांडण असं रंगात आलं असतानाच फाटक वाजलं. मेहुण्याचा हात धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन सासूबाई आत आल्या. बायको धावत पुढे गेली. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, अध्यक्षांना नमस्कार केला, आणि गादी, थर्मोकोल, पत्रा यांनी मढवलेल्या त्या वस्तूसमोर येऊन थांबल्या.

"यात आहेत?"

"हो आई," साहेब म्हणाले. "थोडं गरम होतंय अजून, पण मी..."

"उघडा."

साहेबांनी दार उघडलं. आतून धुक्याचा लोट बाहेर आला आणि सगळ्यांच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. अध्यक्षांचा चष्मा धुरकटला. धुक्यातून आधी थोरली बाहेर पडली, मग एका पायावर उड्या मारत मधली. बाहेर येताच दोघींनी अंग झाडलं, आणि पाहता पाहता त्यांचं बाळसं उतरलं. फुगवलेली पिसं खाली बसली, आत नेहमीच्याच शेलाट्या कोंबड्या होत्या. दोघी तुरुतुरु पळत कुंपणाजवळच्या उन्हाच्या कवडशात गेल्या आणि पंख पसरून बसल्या.

धाकटी मात्र बाहेर येईना. सासूबाईंनी वाकून, कळ सोसत, आत हात घातला. धाकटी फुत्कारली, चोच मारली, पण आवाज ओळखून गप्प झाली. सासूबाईंनी तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. तिच्याखाली गवताच्या मऊ खळग्यात, नीट मधोमध, तो पांढरा गुळगुळीत गोळा होता.

"हे काय उबवतेय ही?" सासूबाईंनी विचारलं.

"सेन्सर," साहेबांच्या तोंडून कसंबसं आलं.

"त्यातून काय निघतं?"

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या. पाटीवरचा आकडा उतरायला लागला होता. एक्केचाळीस. अडतीस. एकतीस. बावीस. तो चोवीसवर थांबलासुद्धा नाही, तसाच घरंगळत नऊवर गेला. चोवीस ओलांडताच यंत्र धापकन बंद पडलं होतं आणि अंगणात एवढी शांतता पसरली की धाकटीच्या गळ्यातली घरघर ऐकू येऊ लागली.

चोवीससाहेब जागेवरच उभे होते. त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं की सेन्सर खोटं बोलत नाही, आणि तो आताही खोटं बोलला नव्हता. तो बिचारा इमानेइतबारे कोंबडीचं बूड मोजत होता. धाकटी त्याला ऊब देत होती, ती ऊब बघून यंत्र गारवा सोडत होतं, गारवा वाढला की ती आणखी घट्ट बसत होती. आणि या सगळ्या प्रकारात, बाहेर ऊन असो की वारा, आत साहेबांनी बर्फ पाडला तरी, तिच्या पोटाखाली एक्केचाळीस होतं ते एक्केचाळीसच राहिलं. साहेबांना एकीकडे लाजेने मरावंसं वाटत होतं, आणि दुसरीकडे, कबूल करायला हवं, त्यांना त्या कोंबडीचा मनापासून हेवा वाटत होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या एकाही मजल्याला हे जमलं नव्हतं.

मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं आणि हेवा जागच्या जागी विझला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती आईच्या काठीकडे बघत उभी होती. महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं, आणि ते कोणी संपवलं, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

"आई," साहेब पुढे झाले. "सगळं माझं चुकलं. हिचा काही दोष नाही. ही पहिल्या दिवसापासून सांगत होती, काही करू नका. मीच ऐकलं नाही. कोंबड्यांचे हाल केले मी. पण त्यासाठी तुम्ही एकट्या राहायला जाऊ नका. मी कोंबड्यांच्या जवळसुद्धा जाणार नाही. तुम्ही म्हणाल तर मी अंगणातच येणार नाही."

नर्सबाईंनी गॅलरीत डोळे पुसले. अध्यक्ष चष्मा पुसत राहिले, तो पुसून कधीच झाला होता.

सासूबाई अंगणातल्या खुर्चीवर बसल्या. धाकटीला त्यांनी मांडीवर घेतलं आणि तिची पिसं सारखी करत बराच वेळ त्या खुराड्याकडे बघत राहिल्या. गादी बघितली, थर्मोकोल बघितला, पत्र्यावर ठोकलेले वाकडेतिकडे खिळे बघितले.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो," साहेबांनी मान खाली घातली.

"सुट्टी काढून?"

"हो."

"कोंबड्या कुठेही राहतात हो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "उन्हात राहतात, थंडीत राहतात. बघितलंत ना, तुमच्या त्या बर्फातही राहिल्या. त्या राहतात का, हे मला बघायचंच नव्हतं. तुम्हाला त्यांची अडचण होते का, ते बघायचं होतं. म्हाताऱ्या माणसाने कुणाच्या घरी जाऊन बसायचं, तर आधी तेवढं तरी बघायला नको?"

बायकोने पदर तोंडाला लावला. साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं, तर तो आभाळाकडे बघत होता.

"माझी बॅग गाडीत आहे," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "आण जा." मग त्यांनी धाकटीला खाली सोडलं. ती थेट उन्हात जाऊन बहिणींशेजारी आडवी झाली. सासूबाई काठीवर जोर देऊन उठल्या, लेकीचा हात धरला आणि दारापर्यंत जाऊन जावयाकडे वळल्या.

"फक्त एक. माझ्या खोलीत तुम्ही काहीही बसवायचं नाही. गरम झालं तर खिडकी मी उघडीन, गार झालं तर पांघरूण मी घेईन."

"बरं, आई," साहेब म्हणाले, आणि गवतातून काढून घेतलेला सेन्सर त्यांनी हळूच पाठीमागे लपवला.